नवरीच्या खोलीतला मुक्काम

ये गं, अशी जवळ सरक. उंबऱ्यात बसल्यासारखं करू नको, लांबच्या माणसाशी मोठ्यानं बोलायला मला आता जमत न्हाई. तू तिकडं डिंभ्याला अन् मी हितं राजुरीच्या रोडला, मंग जवळ सरक कशी म्हणते म्हातारी, असं वाटंल तुला. पण समोर माणूस बसवल्याबिगर माझा हात कागदावर चालत न्हाई. म्हणून तुला बसवलीय. बस.

आधी तुझा कान धरते. त्या दिवशी फोनवर काय म्हणालीस? “आत्या, तुला सख्ख्या भावाच्या दहाव्यापरीस त्या भिंती जास्त झाल्या.” असं म्हणालीस अन् फोन ठेवून दिलास. लहानपणी हगऱ्या कोकरावाणी काखेत घेऊन फिरवली तुला, अन् आता माझ्यावर फोन आपटतीस? चार दिवस तेच डोक्यात फिरतंय. म्हणून आता सगळं लिहून काढते. शाळा मी बघितली न्हाई हे तुला ठावं हाय. अक्षरं शिकले नातीच्या पुस्तकावरून, अन् जोडाक्षरं शिकले कोर्टाच्या कागदावरून. म्हणून मला ‘प्रतिवादी’ नीट लिहिता येतं, पण ‘चिंच’ लिहिताना थांबावं लागतं.

आमचं कार्यालय तू बघितलंयस. तुझं लग्न तिथंच झालं. आळेफाट्याकडून येताना डाव्या अंगाला, पुढं मोठं पटांगण, वर निळा पत्रा. स्टेजच्या एका बाजूला नवरीची खोली, दुसऱ्या बाजूला नवरदेवाची. मागं जेवणाचा मांडव अन् भटारखाना. आज सात वर्षं होऊन गेली, मी त्या नवरीच्या खोलीत राहते. बाहेर मुक्काम म्हणून एक रात न्हाई केला. का न्हाई केला, तेच सांगायचंय.

पण त्या आधी मेंढरांचं सांगावं लागंल. हे कार्यालय मेंढरांतून उभं राहिलंय.

आमच्यात पोरगी सासरी धाडताना बाप तिच्याबरोबर मेंढ्या देतो. तुझ्या आजोबानं मला पाच दिल्या. त्या पाच पोरीच्या. त्यांना कोकरं झाली की तीबी पोरीची. नवऱ्याची न्हाईत, सासऱ्याची न्हाईत. पण राखायचं सगळं एकत्र. खांड एकच, म्हंजे कळप एकच. त्यात कुणाचं कोणतं, हे कानावरनं कळायचं. डाव्या कानाला मागून खाच असली की ती माझी. उजव्या कानाचा शेंडा उडवलेला असला की ती सासरची. कोकरू आठ-पंधरा दिवसांचं झालं की कान कातरायचा, अन् ते काम माझ्या थोरल्या जाऊबाईचं. तिचा हात लई हलका. कोकराला कळायच्या आत खाच पडायची, वर हळद दाबायची अन् म्हणायची, “जा आता, तुझी सही झाली.”

मी तिला बाई म्हणते. ती मला धाकले म्हणते. पंचवीस वर्षं आमी दोघी एका घोड्यामागं चाललो. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, अन् मागं आमी. पारगावच्या बाजूला ऊस तुटला की त्या रानात आमची मेंढरं बसायची, तवा मी एखाद्या दुपारी तुमच्या घरी यायचे, आठवतंय का? तू माझ्या लुगड्याला वास येतो म्हणून पळायचीस.

तर माझ्या पाच मेंढ्यांचं वाढत वाढत असं झालं, की शेवटी खांडात अर्ध्याच्या वर डावे कान व्हते. हे मी फुशारकीनं सांगत न्हाई. माझ्या मेंढ्या जुळं द्यायच्या, त्याला मी काय करू?

पुढं रानं बंद झाली. जिथं बसायचो तिथं द्राक्षाचे मांडव आले, तारा आल्या. बिबट्या तर घरचं असल्यासारखा यायला लागला. पोरं म्हणाली, आमी मेंढरामागं फिरणार न्हाई. तवा थोरल्या दिरानं काढलं, की सगळं खांड विकू अन् रोडला जागा घेऊन लग्नाचं कार्यालय बांधू. म्हणाले, “पाऊस दगा देतो, बाजार दगा देतो, पण लोकं लग्न करायची काय थांबत न्हाईत.” आमच्या मालकांना पटलं. मलाबी पटलं. पाय दुखायचे गं माझे.

मेंढरं घ्यायला जुन्नरचे व्यापारी आले, आमी त्यांना चाचा म्हणायचो. माझ्या सासऱ्यापासूनचा व्यवहार, कधी एका कोकराचीबी लबाडी केली न्हाई त्या माणसानं. त्यांनी खांडातून एक चक्कर मारली अन् आमच्या मालकांना म्हणाले, “राव, कान दोन तऱ्हेचे दिसतात. दोन पावत्या करू का? एक भाभीच्या नावाची करतो.”

मालक हसले. “चाचा, खांड फोडून विकलं की घर फुटतं. आमच्यात तसं करत न्हाईत. एकच पावती करा, दादाच्या नावानं.”

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी व्हते. माझ्या तोंडापर्यंत आलं व्हतं. पण दोन भाऊ एकमेकांकडं बघून हसत व्हते, अन् त्या हसण्यात मी कुठं पावती घालू? मी पाणी दिलं अन् आत गेले. एवढंच. सात वर्षं कोर्ट मला जे विचारतंय, त्याचं उत्तर त्या तांब्याबरोबर मी गिळलं.

एका पावतीमुळं जागेचं खरेदीखत एकाच्या नावावर. जागा एकाच्या नावावर म्हणून कार्यालयबी एकाच्या नावावर. तवा कुणाला काय वाटलं न्हाई. थोरल्याचं नाव म्हंजे सगळ्यांचंच नाव. दहा-अकरा वर्षं चांगली चालली. बाई भटारखान्यावर, मी नवरीकडं. कुणाची पिन हरवली, कुणाला चक्कर आली, कुणी मामा रुसला, सगळं मी बघायचे.

मंग आमचे मालक गेले. पुढच्याच वर्षी थोरले दीर गेले. दिराचं वरीस झालं अन् बाईची दोन्ही पोरं माझ्या दारात आली. थोरला म्हणाला, “काकी, वाईट वाटून घेऊ नको. कार्यालय आमच्या बापाचं हाय. काकाचं नाव कुठं असंल तर दाखव.”

मी म्हणाले, “अरं, माझी मेंढरं गेलीत त्यात.”

“मेंढरं कुठंयत मंग? आण अन् दाखव.”

आता खाल्लेली मेंढरं मी कुठून आणू? माझं पोरगं तवा चाकणला कंपनीत लागलेलं. त्यानं जुन्नरच्या कोर्टात दावा लावला. वकील बघितला. त्या वकिलानं मला एकच वाक्य सांगितलं, “आजी, काही झालं तरी ताबा सोडू नका.”

हितंच सगळी चूक झाली बघ. वकील बोलला त्याच्या भाषेत, अन् मी ऐकलं माझ्या. आमच्यात ताबा म्हंजे काय? शेतात वाघर लावायची, मेंढरं आत घ्यायची, अन् वाघरीला पाठ लावून माणसानं झोपायचं. सुतळीच्या जाळीनं काय लांडगा अडतो व्हय? तो माणसाच्या वासानं अडतो. माणूस उठून गेला की वाघर असून नसल्यासारखी. मी घरी आले, गोधडी, तवा, चार भांडी बांधली अन् त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत नवरीच्या खोलीत पाठ टेकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पिकअप आली. बाईची पोरं उतरली, खाट उतरवली, अन् मागून बाई उतरली. त्यांनी तिला नवरदेवाच्या खोलीत बसवली. तीबी मेंढरामागची. तिलाबी कुणीतरी तेच वाक्य सांगितलं असणार.

पुढं कोर्टाचा हुकूम आला, ‘जैसे थे’. म्हंजे जे जसं हाय ते तसं ठेवायचं. विकायचं न्हाई, बदलायचं न्हाई. लग्नाची सुपारी कुणी घ्यायची यावर भांडण, म्हणून लग्नंबी बंद. पुढच्या गेटला एक कुलूप त्यांचं, एक आमचं. दोन्ही किल्ल्या एका वेळी आल्याशिवाय गेट उघडत न्हाई, अन् सात वर्षांत त्या एका वेळी आल्या न्हाईत. आमी दोघी मागच्या भटारखान्याच्या दारानं ये-जा करतो. चोरावाणी.

‘जैसे थे’ म्हंजे काय, हे त्यात राहिल्याबिगर कळत न्हाई. माझ्या खोलीत भिंतभर आरसा हाय, त्याच्या कडेला नवरी पोरींनी लावलेल्या टिकल्या तशाच हायेत. लाल, मरून, एक चंद्रकोर. त्यातली एखादी तुझीबी असंल. सकाळी तोंड धुवून आरशापुढं गेले की टिकल्यांच्या रांगेत माझं रिकामं कपाळ. पहिल्या वर्षी एक-दोन खरवडल्या. मंग भ्याले, हुकमात बसतं का न्हाई हे! तशाच ठेवल्या. स्टेजवरच्या राजा-राणीच्या खुर्च्यांचा मखमल उंदरांनी खाल्ला. पत्रा एका जागी गळतो, तिथं मी मोठं पातेलं लावते. पत्रा बदलायचा तर अर्ज, अर्जावर त्यांचं म्हणणं, म्हणण्यावर तारीख. पातेल्याला अर्ज लागत न्हाई.

अन् बाई? मधी एवढा मोठा हॉल, हजार माणसं मावतील असा, अन् दोन टोकांना आमी दोघी. ती खोकली की आवाज पत्र्याला लागून माझ्याकडं यायचा. तिच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजायचे, तीन झाल्या की डाळ. तिची चप्पल कोणत्या पायाला घासते हेबी मला कळायचं. पण बोलायचं न्हाई. दोन्हीकडच्या पोरांनी तंबी दिलेली, बोललात तर ते कोर्टात आपल्यावर शेकंल.

म्हणून आमी मांजराशी बोलायचो. एक मांजरी व्हती, कुणाचीच न्हाई, म्हंजे दोघींची. बाई मोठ्यानं म्हणायची, “जा गं, तिकडं जा. तिकडं दावा लावणारी मोठी लोकं राहत्यात, दूध देतील.”

मी म्हणायचे, “का गं, आलीस? तिथल्या सातबारावाल्यांनी उपाशी ठेवली व्हय?”

एकदा मला चार दिवस ताप व्हता. चौथ्या दिवशी बाई भटारखान्यात मांजराला म्हणते, “ज्याला ताप हाय त्यानं गुळवेल उकळून प्यावा. मागच्या कुंपणाला हाय. मांजराच्या जातीला काय कळतंय!” मी उठून गेले तर कुंपणाच्या खांबावर गुळवेल तोडूनच ठेवलेला.

तू म्हणशील, आत्या हसतीय अन् म्हणतीय अडकले. अगं, हसल्याशिवाय कसं निभावंल? पण अडकले व्हते खरंच. पोरगं म्हणायचं चाकणला ये, नातीच्या वाढदिवसाला ये. मी म्हणायचे, दिवसा येते, दिवस मावळायच्या आत माघारी. चाकणहून दिवसात माघारी यायचं म्हंजे केक कापायच्या आधी उठायचं. नातीनं एकदा विचारलं, “आजी, तुला कुणी कोंडलंय का?” मी म्हणाले, न्हाई गं. मंग माघारी येताना सगळ्या वाटेनं तेच. दाराला आतून कडी माझी, किल्ली माझी, अन् तरी बाहेर जाता येत न्हाई. मेंढरामागं असताना घर नव्हतं तर सगळा मुलूख माझा. अन् आता हजार माणसांचा हॉल असून मला खोलीबाहेर जागा न्हाई.

आता तुझ्या बापाचं.

माझा भाऊ गेला त्या दिवशी सकाळी तुझा फोन आला. मी दुधाच्या गाडीत बसून पारगावला आले. त्याला बघितलं. त्याच्या अंगावर तीच घोंगडी टाकली व्हती, मी दिलेली. सगळं उरकून माणसं माघारी आली तवा ऊन कलतं झालं व्हतं. माझं ध्यान उन्हाकडं. तू दाराला टेकून बसली व्हतीस, तुझ्या आईनं माझा हात धरला, “वन्सं, आजची रात तरी राहा.” अन् मी काय केलं? मी हात सोडवला. पिशवी घेतली. सगळी भावकी बघत व्हती. तू मान फिरवलीस ते मला दिसलं. दहाव्यालाबी तसंच. दिवसा आले, दिवसा गेले. पिंडाला कावळा शिवायला उशीर लागला, अन् मी, मी सख्खी बहीण, घड्याळाकडं बघत व्हते.

ते मला खातंय. तू बोललीस म्हणून न्हाई. आधीपासून खातंय.

मयताच्या दिवशी मी माघारी हितं पोचले, भटारखान्याचं दार लोटलं, तर बाई दारातच उभी. मला वाटलं, गेले, हिनं माझ्या माघारी कुलूप बदललं. पण चुलीवर मोठं पातेलं व्हतं. त्यातनं वाफा येत व्हत्या. मांजर कुठंच नव्हतं. ती सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, “पाणी तापवलंय. आंघोळ कर.”

किती वर्षांनी ती माझ्याशी बोलली. मी आंघोळ केली. बाहेर आले तर ती तिच्या खोलीत गेलेली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मांजर.

आता कोर्टाचं ऐक. तारखा पडत पडत साक्षी आल्या. आमच्याकडून मी, अन् त्यांच्याकडून बाई. चाचा तोपर्यंत वारलेले, कान ओळखणारं दुसरं कुणी उरलं न्हाई. माझा वकील म्हणाला, “आता सगळं तुमच्या जाऊबाईंवर आहे. त्या नाही म्हणाल्या की मेंढरांचा पुरावा संपला.” अन् ती व्हय कशाला म्हणंल? तिची पोरं, तिच्या सुनांची घरं त्यावर. मी असते तर म्हणाले असते का, हे मी स्वतःला विचारून बघितलं.

त्या दिवशी कोर्टात बाई पिंजऱ्यात उभी राहिली. नवं लुगडं, पोरांनी आणलेलं. जज बाईसाहेब व्हत्या. माझ्या वकिलानं विचारलं, “मेंढरांचे कान कोण कातरायचं?”

“मी.”

“सगळ्यांचे सारखेच?”

बाईची पोरं पुढं वाकली. बाईनं एकदा माझ्याकडं बघितलं, मंग डावा हात स्वतःच्या कानाला लावला. “असं,” म्हणाली, “डाव्या कानाला मागून खाच, ती हिची. उजवा शेंडा उडवला, ती आमची. विकली तवा डावीच जास्त व्हती. मी हातानं कातरलेत साहेब, हात माझा हाय. हाताला खोटं कसं बोलायला लावू?”

तिचा थोरला उठून बाहेर गेला. त्यांचा वकील चिडला. त्यानं उलटं विचारायला सुरुवात केली, “आजी, तुम्ही दोघी एकाच कार्यालयात राहता. म्हणजे तुमचं आपसात ठरलेलं आहे!”

“आमी बोलत न्हाई.”

“मग तिथं राहता कशाला?”

“ताबा राखायला. ही उठली तर मी जिंकले, मी उठले तर ही जिंकली. म्हणून सात वर्षं पाठ हलवली न्हाई आमी. ही तर भावाच्या मयताला गेली अन् दिवस मावळायच्या आत आली.”

कोर्टात कुणीतरी फिस्सकन हसलं. जज बाईसाहेबांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं, बाईकडं बघितलं. “आजी, एक रात्र बाहेर राहिलं म्हणून कोणाचा ताबा जात नाही. तुमचं सामान आहे, कुलूप आहे, कोर्टाचा हुकूम आहे. रोज तिथंच झोपा, असं कोणी सांगितलं तुम्हाला?”

मी माझ्या पोराकडं बघितलं. पोरानं वकिलाकडं. वकील हळूच म्हणाला, “मी ताबा सोडू नका म्हणालो होतो.”

तू त्या वेळी माझ्याशेजारी असायला पायजे व्हतीस. सात वर्षं, अन् तुझ्या बापाचे दहा दिवस. कुणी घेतले न्हाईत गं ते, मीच दिले. बाहेर आल्यावर पोरगं म्हणालं, “आई, मला वाटायचं तुला तिथंच बरं वाटतंय.” त्याच्यावर तरी काय चिडू? मी कधी विचारलं न्हाई, त्यानं कधी सांगितलं न्हाई. पावतीच्या वेळी असंच झालं व्हतं.

पोराला कंपनीत जायचं व्हतं, तो गेला. मी कोर्टाच्या भिंतीच्या सावलीला बसले. थोड्या वेळानं बाई आली अन् शेजारी बसली. तिची पोरं तिला तिथंच सोडून गाडी घेऊन निघून गेली व्हती. जाताना थोरला म्हणाला म्हणे, “आता काकीच्याच घरी राहा.”

मंग ती म्हणाली, “धाकले, आता मोकळं झालो की आपण.”

“व्हय की. जा मंग.”

“कुठं जाऊ? तू जा आधी.”

“तू थोरली हायेस.”

“कोर्टात थोरली-धाकली नसते,” ती म्हणाली, “वादी-प्रतिवादी असते.” अन् आमी दोघी तिथं हसलो. एवढ्या हसलो, की एक पोलीस बघायला आला. मंग ती रडायला लागली. मी रडले न्हाई, मला तवा रडू येतच नव्हतं. एसटीनं आळेफाट्याला आलो, वडापची जीप धरली, अन् मागच्या दारानं आत शिरलो. ती तिच्या खोलीत, मी माझ्या. सवय बघ.

दुसऱ्या आठवड्यात मी पिशवी भरली. तुझ्याकडंच निघाले व्हते, खरं सांगते. चार दिवस राहीन, तुझी माफी मागीन, तिथल्या धरणाच्या कडेला बसीन. फाट्यापर्यंत आले. मंचरची गाडी लागली. कंडक्टर म्हणाला, “चला आजी, चढा.” अन् माझा पाय पायरीवर चढंना. मनात आलं, बाईच्या पोरांनी तिचं दूध बंद केलंय, किराणा बंद केलाय. माझ्या माघारी ती त्या हजार माणसांच्या हॉलात एकटी. पडली-झडली तर? हे एक. अन् दुसरं, तुझ्यापासून काय लपवू, दुसरंबी मनात आलं. ती खरं बोलली, पण पोरं तिचीच हायेत. ती येऊन माझी गोधडी बाहेर फेकतील, अन् ती एकटी काय अडवंल? जज बाईसाहेब सांगतील ताबा जात न्हाई म्हणून. पण मी लांडगा बघितलेला हाय. गाडी गेली. मी फाट्यावर शेंगदाणे घेतले अन् माघारी आले.

बाई भटारखान्यात चूल पेटवत व्हती. माझी पिशवी बघितली. मांजराला म्हणाली, “बघ, आलीच.”

पुढं निकाल लागला. अर्धं आमचं, अर्धं त्यांचं. पोरानं पेढे आणले. मला वाटलं, सुटले. पेढा तोंडात असतानाच वकील म्हणाला, ते खेडच्या वरच्या कोर्टात अपिलात गेलेत, तोपर्यंत स्थगिती. म्हंजे पुन्हा जैसे थे. गेटची दोन कुलपं गंजलीत, आता किल्ल्या एका वेळी आल्या तरी उघडतील का, ठावं न्हाई. अन् माझं वय अपिलात कुणी धरत न्हाई.

आता आमी एका चुलीवर स्वयंपाक करतो. सवयीनं अजून अधूनमधून मांजराला सांगतो, पण बोलतो. परवा बाई म्हणाली, “तुझी भाची लई दिवसांत आली न्हाई.” मी म्हणाले, रुसलीय. ती म्हणाली, “रुसणारच. तू तिच्या बापाच्या दहाव्याला घड्याळ बघत व्हतीस, मला सांगितलंस ना.” अन् थोड्या वेळानं, “मी सांगीन तिला. म्हणावं, दोष दोघींचा हाय. मी आधी उठले असते तर ही राहिली असती.”

म्हणून म्हणते, रुसून बस पाहिजे तर, पण हितं येऊन बस. मला तिकडं येता येईना, कोर्टाची मनाई न्हाई तरी येता येईना, हे तुला कळलं असंल आता. डिंभ्याच्या एसटीचा भरवसा न्हाई, जीपनं घोडेगावला ये, तिथनं मंचर, मंचरवरनं आळेफाटा. पुढच्या गेटला हाका मारत उभी राहू नको, ऐकू येत न्हाई. कुंपणाच्या कडेनं मागं ये, गुळवेलाचा खांब दिसंल, त्याच्या पुढचं दार. येताना धरणाचे वाळलेले मासे आण, बाईला आवडत्यात. अन् राहायच्या बेतानं ये, दोन रातींच्या तरी. तुझ्या बापाचं अजून मी कुणाशी पोटभर बोलले न्हाई. नवरीच्या खोलीत दोघींना जागा हाय. लवकर ये गं.